खूण पटली पाहिजे : रसायनशास्त्राच्या शब्दकोड्यांविषयी

आजचा विषय फलकावर वाचून काहींना वाटलं असेल, सर वाट चुकले. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता शाळकरी मुलांच्या रसायनशास्त्राच्या शब्दकोड्यांवर बोलायला उभे राहिले. वाट चुकलेलो नाही. शब्द आणि वस्तू यांचं नातं काय, हा माझ्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. तो नववीच्या वर्गात एका शब्दकोड्यातून माझ्यापुढे आला, म्हणून आज तुमच्यापुढे मांडतो.

झालं असं. आमच्या जिल्ह्यातल्या एका विज्ञानशिक्षिकेनं मुलांसाठी शब्दकोडं तयार केलं होतं. 'भाषा तपासून द्या' म्हणाल्या, म्हणून मी वर्गात जाऊन बसलो. आडव्या शब्दांत पहिलीच खूण होती : 'ज्वलनास मदत करणारा वायू, चार अक्षरे.' निम्म्या वर्गानं लिहिलं 'ऑक्सिजन', निम्म्यानं 'प्राणवायू'. मोजून पाहा. ऑ-क्सि-ज-न, चार घरं. प्रा-ण-वा-यू, चार घरं. दोन्ही नेमकी बसतात. मग वाद सुरू झाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, 'सर, कोणतं बरोबर?'

मी म्हटलं, उत्तराचं नंतर पाहू, आधी प्रश्न बरोबर आहे का ते पाहू. ज्वलनाला मदत करणारा वायू एकटा ऑक्सिजनच असतो का? हायड्रोजनची ज्योत क्लोरीनमध्येही जळत राहते. नायट्रस ऑक्साइडमध्ये पेटती काडी आणखी भडकते. मॅग्नेशियमची पेटलेली फीत तर कार्बन डायऑक्साइडमध्येही जळते, ज्या वायूनं आपण आग विझवतो त्यातसुद्धा! म्हणजे खूण सैल होती. मुलांना उत्तर आलं ते खुणेमुळे नाही. पाठ्यपुस्तकातलं वाक्य पाठ होतं, म्हणून आलं.

इथंच माझ्या विषयाचा दरवाजा उघडतो. सतराव्या शतकात अन्नंभट्ट नावाच्या पंडितानं 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा छोटा ग्रंथ लिहिला आणि त्यावर स्वतःच 'दीपिका' नावाची टीका केली. संस्कृतच्या पाठशाळांत तर्क शिकायला बसलेला मुलगा आजही बहुतेक इथूनच सुरुवात करतो. त्यात 'लक्षण' कशाला म्हणायचं हे सांगितलं आहे. लक्षण म्हणजे वस्तूची अशी खूण, जी त्या जातीच्या सगळ्या वस्तूंना लागू पडते आणि बाहेरच्या एकाही वस्तूला लागू पडत नाही. लक्षणाचे दोष तीन, आणि उदाहरण घेतलंय गायीचं.

'कपिल, म्हणजे तांबूस रंगाची, ती गाय' असं म्हटलं तर पांढऱ्या आणि काळ्या गायी बाहेर राहतात. ही अव्याप्ती. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं तर म्हैस आत येते, शेळी आत येते. ही अतिव्याप्ती. आणि 'जिचा खूर दुभंगलेला नाही ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडणार नाही, कारण अखंड खूर घोड्या-गाढवाला असतो. हा असंभव. मग गायीचं लक्षण कोणतं? संस्कृतात 'सास्ना' म्हणतात, आपल्याकडे शेतकरी 'पोळी' म्हणतो, ती गळ्याखाली लोंबणारी कातडी. पोळ्याच्या दिवशी बैल सजवणाऱ्या मुलाला हे समजवावं लागत नाही.

माझं आज एवढंच म्हणणं आहे, की शब्दकोड्यातली खूण हे एक लक्षणच असतं. कोडं सोडवताना मुलाची स्मरणशक्ती लागते. पण कोडं *तयार* करताना त्याला लक्षण करावं लागतं आणि त्यासाठी वस्तूकडे जावं लागतं. म्हणून मुलांना कोडी सोडवायला द्याच, पण त्याहून जास्त, कोडी घालायला लावा.

त्या वर्गात आम्ही हेच केलं. फळ्यावर शब्द लिहिला 'धातू' आणि म्हटलं, खूण सांगा.

पहिला हात वर : 'कठीण असतो तो धातू.' सोडियम चाकूनं कापता येतो, तो बाहेर राहिला. अव्याप्ती. शिवाय हिरा सगळ्यांत कठीण, आणि तो धातू नाही. म्हणजे अतिव्याप्तीही. दुसरा : 'घन असतो तो.' पारा बाहेर राहिला. तिसरा : 'विजेचा सुवाहक.' पेन्सिलीतलं ग्राफाइट आत आलं. ग्राफाइट म्हणजे कार्बन, अधातू. पुन्हा अतिव्याप्ती. अर्धा तास गेला, पण त्या अर्ध्या तासात पाठ्यपुस्तकातली दोन पानं मुलांनी स्वतः तपासली, आणि तीही भांडत भांडत.

मग शब्द घेतला 'पारा'. एका मुलीनं सांगितलं, 'नेहमीच्या तापमानाला द्रव असतो.' दुसऱ्यानं लगेच म्हटलं, 'ब्रोमीन पण द्रव असते.' बरोबर. मग तिनं सुधारलं : 'नेहमीच्या तापमानाला द्रव असलेला *धातू*.' मी विचारलं, 'नेहमीचं म्हणजे कुठलं? यवतमाळच्या जानेवारीतलं की मे महिन्यातलं?' मुलं हसली. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गॅलियम नावाचा धातू तिशीच्या जरा अलीकडे, २९.८ अंशांना वितळतो. सीझियम साडेअठ्ठावीसला. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. त्या दुपारी गॅलियमही आपल्या टेबलावर पाण्यासारखा पसरेल. म्हणजे ही खूण थंडीत बरोबर आणि उन्हाळ्यात चूक! शेवटी जी खूण टिकली ती अशी : 'बर्फाच्या तापमानालाही द्रवच राहणारा धातू.' पारा गोठतो उणे ३९ अंशांच्या आसपास. शून्य अंशाला द्रव राहणारा धातू हा एकच. खूण पटली.

बघा मंडळी, दोन घरांचा शब्द, पा-रा. पण त्याची निर्दोष खूण करायला मुलांना द्रवणांक, धातू-अधातू आणि परिस्थितीची अट, हे तिन्ही लागलं. शास्त्रातलं प्रत्येक विधान कुठल्यातरी अटीखाली खरं असतं, हे मी एम.ए.च्या वर्गात सांगायचो तेव्हा विद्यार्थी वहीत उतरवून घेत. इथं नववीच्या मुलांनी ते मे महिन्यातल्या उन्हावरून ओळखलं.

आता एक शंका येईल. नावं तर शास्त्रज्ञांनीच ठेवली आहेत, मग नावातच खूण नसते का? कधी असते, आणि कधी ती चुकीची असते. ऑक्सिजन हेच घ्या. अठराव्या शतकात लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे नाव ठेवलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होतो 'आम्ल निर्माण करणारा'. त्याची समजूत होती की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. पुढे १८१० च्या सुमाराला हम्फ्री डेव्हीनं दाखवून दिलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा अंशही नाही. सिद्धान्त गेला, नाव राहिलं. न्यायाच्या भाषेत त्या नावात अव्याप्तीचा दोष कायमचा गोठून बसला आहे. आपला 'प्राणवायू' घ्या, तर त्याची दुसरीच अडचण. योगशास्त्रात प्राण, अपान, व्यान असे पाच वायू आहेत, त्यांचा या वायूशी घोटाळा होतो. म्हणून नावावर भिस्त ठेवायची नाही. नाव ही घरावरची पाटी. पाटी वाचली म्हणजे घरातला माणूस भेटला असं होत नाही.

संज्ञांचंही तसंच. मुलं विचारतात, सोडियमची संज्ञा 'एन-ए' कशी? पोटॅशियमची 'के' का? लॅटिन नावं नेट्रियम आणि केलियम, म्हणून. लोखंड फेरम, तांबं क्युप्रम, चांदी अर्जेंटम, सोनं ऑरम, शिसं प्लंबम, कथील स्टॅनम. यावर छान कोडं होतं : 'इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर एक आणि संज्ञेचं पहिलं अक्षर दुसरंच, अशी मूलद्रव्ये शोधा.' आणखी एक देतो, घरी करून पाहा : आजच्या आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्यं आहेत. त्यांच्या संज्ञांमध्ये इंग्रजीतली कोणती दोन अक्षरं एकदाही येत नाहीत? उत्तर जाता जाता सांगेन.

आता मराठी शब्दकोड्याची एक खास गोष्ट. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटं अक्षर बसतं. आपल्या कोड्यात काना-मात्रा-जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर बसतं. त्यामुळे उभा आणि आडवा शब्द एकमेकांना छेदणं अवघड. 'क' आणि 'का' जुळत नाहीत. रसायनशास्त्राची इंग्रजी नावं मराठीत लिहिली की ऑ, क्सि, ट्रो, ब्रो अशी अक्षरं येतात, त्यांना छेदणारा दुसरा शब्द मिळत नाही. शिक्षक वैतागतात. मी त्यांना सांगतो, मग घरातले शब्द घ्या की. मोरचूद, तुरटी, हिराकस, नवसागर, गंधक, कथील, टाकणखार, चुना. आपल्या आज्यांना ही सगळी रसायनं नावानिशी ठाऊक होती.

एक छोटं कोडं आम्ही वर्गात बांधलं. मधोमध आडवा शब्द हि-रा-क-स. 'रा' या घरावर वरून येऊन संपणारा उभा शब्द पा-रा. 'क' या घरातून खाली जाणारा उभा शब्द क-थी-ल. तीनच शब्द, पण खुणा कशा केल्या ते ऐका. पाऱ्याची तुम्हाला सांगितलीच. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. खूण : 'लोह आणि गंधक दोन्ही माझ्या पोटात. हिरड्याच्या काढ्यात मला टाकलं की जुन्या काळची काळी शाई व्हायची.' कथलाची खूण एका मुलीनं आजीला विचारून आणली : 'पितळी पातेल्यात माझा थर नसेल तर ताक कळकतं.'

'कळकतं' हा शब्द वर्गातल्या अर्ध्या मुलांना माहीत नव्हता. स्टीलची भांडी आली आणि शब्द गेला. ताकातलं आम्ल पितळेतल्या तांब्याला लागतं, तांब्याचे क्षार तयार होतात, चव बिघडते आणि ते पोटाला बाधतं. म्हणून कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागरानं घासून साफ करायचा आणि कथलाचा थर द्यायचा. 'आम्ल आणि धातूंची अभिक्रिया' हा पूर्ण पाठ त्या एका क्रियापदात आहे.

पुढची अडचण गंभीर आहे. आपल्या मुलाकडे रसायनशास्त्राचे दोन शब्दकोश असतात आणि ते एकमेकांना छेदतच नाहीत. शाळेत तो शिकतो नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. घरी बाप म्हणतो नत्र, स्फुरद, पालाश. शाळेत संज्ञा एन, पी, के. घरी पोत्यावर आकडे, 'दहा-सव्वीस-सव्वीस'. मी विचारलं, या तीन आकड्यांचा अर्थ काय? शेतकऱ्यांच्या पोरांनी भरलेला वर्ग, तीन-चार हात वर आले. बाकीच्यांना ते खताचं नाव वाटत होतं. 'पालाश' म्हणजे एकाला पळसाची पानं वाटली! अर्थ असा : १०० किलो खतात १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद, २६ किलो पालाश. यातले स्फुरद आणि पालाशचे आकडे त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात. आता खूण करा : '५० किलोच्या पोत्यात मी फक्त ५ किलो, माझे दोन सोबती तेरा-तेरा किलो. मी कोण?' नत्र. किंवा नायट्रोजन. इथं उभा शब्द शाळेचा आणि आडवा घरचा, असं कोडं बांधता येतं. तसं बांधावंच.

अशीच एक खूण मी दिली : 'पांढरा, दाणेदार, पाण्यात विरघळतो आणि पाणी गार करतो.' एका हुशार मुलानं लिहिलं 'मीठ'. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बोलत नव्हता, तो म्हणाला, 'मीठ काहून राहीन सर? युरिया असंन. बकेटीत घोळला का हाताले गार लागते.' वर्ग हसला, पण बरोबर तोच होता. मिठानंही पाणी किंचित गार होतं, बोटाला मात्र कळत नाही. युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो. पुस्तकात त्याला 'उष्माग्राही' म्हणतात. हा शब्द त्या मुलाला परीक्षेत आठवला नसता, पण त्याच्या हाताला तो ठाऊक होता. कोड्याचं काम एवढंच, की हाताला ठाऊक असलेलं तोंडी यावं आणि तोंडपाठ असलेलं हाताशी जावं.

याच्या उलट, उष्णता बाहेर टाकणारा पदार्थ आपल्याच जिल्ह्यात तयार होतो. वणीजवळच्या राजूरला चुनाभट्ट्या आहेत. चुनखडी सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना आणि ४४ किलो वायू. त्या चुन्यात पाणी घातलं की तो फसफसतो, वाफा निघतात, तो विझतो. हा प्रयोग मुलांनी करायचा नाही, शिक्षकांनीच, आणि दुरून. विझलेल्या चुन्याची निवळी घेतली, नळीनं तिच्यात फुंकर घातली की ती दुधाळ होते, कारण आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं पुन्हा चुनखडीचे कण तयार होतात. चक्र पूर्ण. यावर वर्गानं मिळून केलेलं कोडं :

दगड होतो, आगीत गेलो, श्वास माझा सुटला.
पाणी प्यालो, तहान भागली, कढ अंगातून उठला.
तुमचा श्वास मला मिळाला, पुन्हा दगड झालो.
ओळखा पाहू माझी नावं, तीन रूपांत आलो.

चुनखडी, कळीचा चुना, विझलेला चुना. यमक जरा ओढूनताणून आहे, पण अव्याप्ती नाही आणि अतिव्याप्तीही नाही. तपासून पाहा.

आता शेवटचा मुद्दा. खरं म्हणजे याच्यासाठीच मी हे व्याख्यान घेतलं.

आपल्या भागात शेतकरी कपाशीवर काय फवारतो? कुणालाही विचारा, तो म्हणेल, 'औषध.' दुकानात औषध मागतो, पंपात औषध ओततो. आणि घरात भांडण होऊन कुणी जिवाचं बरंवाईट केलं, तरी लोक हेच म्हणतात, 'औषध घेतलं.' मंडळी, या शब्दाला लक्षणाची कसोटी लावा. औषध म्हणजे रोग बरा करणारं द्रव्य. पिकाच्या बाजूनं पाहिलं तर ते औषध असेलही. फवारणाऱ्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर हा असंभव आहे, अखंड खुराची गाय! ते विष आहे.

२०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडावर येत होता. वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले, काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. त्याला कारणं अनेक होती आणि त्यांची चर्चा भरपूर झाली. मी त्यातल्या एका छोट्या गोष्टीबद्दल बोलतो, डब्यावरच्या खुणेबद्दल.

कीटकनाशकाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण. खालचा त्रिकोण रंगीत. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे सौम्य विषारी. आता कोडं : 'या चार रंगांतला सुरक्षित रंग कोणता?' ज्या ज्या वर्गात मी हे विचारलं, तिथं उत्तर आलं 'हिरवा'. सिग्नलचा हिरवा, शेतीचा हिरवा. खरं उत्तर : एकही नाही. सिग्नलची खूण डब्यावर लावली, ही अतिव्याप्ती. वर्गात तिच्यापायी एक गुण जातो, शेतात जीव जाऊ शकतो.

यातली बरीच कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात. आपल्या नसांकडून स्नायूंना संदेश नेणारं एक रसायन असतं, काम झालं की त्याला मोडून टाकणारं एक विकर असतं. ही द्रव्यं त्या विकरालाच निकामी करतात. संदेश थांबतच नाही. घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, मळमळ, आणि पुढे श्वास अडतो. अशा वेळी शेतातून बाहेर यायचं, कपडे काढून साबणानं अंग धुवायचं आणि दवाखान्यात जाताना *डबा सोबत न्यायचा*. कारण डॉक्टरांसाठी त्या डब्यावरचं नाव हीच पहिली खूण असते. ज्या घरात नववीतली पोर आहे, तिला ते नाव वाचता आलं पाहिजे आणि बापाला सांगता आलं पाहिजे, 'बाबा, हे औषध नोहे.'

म्हणून शिक्षकांना माझी विनंती. पुढचं कोडं बांधताना दर दहा शब्दांत निदान तीन शब्द मुलाच्या घरातले, शेतातले ठेवा. प्रत्येक खूण वर्गाला तीन प्रश्न विचारायला लावा : या खुणेतून कुणी बाहेर राहतंय का? कुणी परका आत येतोय का? अशी वस्तू मुळात आहे का? आणि दोन बरोबर उत्तरं बसत असतील, तर मुलाचा गुण कापू नका, खूण दुरुस्त करा. 'ऑक्सिजन' की 'प्राणवायू' या भांडणात त्या बाईंनी शेवटी दोघांनाही गुण दिले आणि खूण वर्गाकडूनच नव्यानं लिहून घेतली : 'हवेत माझा वाटा सुमारे २१ टक्के.' तिच्यातही एका मुलीनं खोट काढली. म्हणाली, ही तर आपल्या पृथ्वीच्या हवेची गोष्ट झाली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आणि हो, मघाचं उत्तर राहिलं. ती दोन अक्षरं 'जे' आणि 'क्यू'. गंमत म्हणजे आयोडीनची संज्ञा एके काळी 'जे' लिहीत, मेंडेलीव्हच्या सारणीत ती तशीच आहे. नाव बदललं, वस्तू तीच राहिली.